बसण्याचा चौदावा अर्थ

आमच्या कोशात 'बसणे' या क्रियापदाचे तेरा अर्थ होते आणि तेराही सभ्य होते. घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, संसाराची घडी बसते, पोरगं परीक्षेला बसतं आणि नापास झालं की घरी बसतं. एवढं सगळं बसून झाल्यावर चौदावा अर्थ आला, आणि तो आल्यापासून कार्यालयात कोणाचंच बूड स्थिर राहीना. चौदावा अर्थ म्हणजे "काय, आज बसायचं का?" यातला.

आमचा कोश बोलका आहे. फोनवर शब्द दाबला की आतून माणूस तो म्हणून दाखवतो. मी उमेदवारीवर होतो आणि माझ्याकडे 'ब' हे अक्षर दिलं होतं. शनिवारपर्यंत 'ब' पूर्ण झाला तर नोकरी पक्की. नाही झाला तर मामाचं गाद्यांचं दुकान. मामा डोळ्यांत प्राण आणून माझी वाट बघत होता असं नाही, पण कापूस पिंजताना तोंडाला बांधायचा फडका त्यानं माझ्या मापाचा शिवून ठेवला होता. बकरा, बडबड, बत्ती, बोंब, सगळे शब्द हातावेगळे झाले होते. फक्त बसायचं राहिलं होतं.

मुख्य संपादकांना समोर सगळे 'सर' म्हणत आणि मागे 'अनुस्वार'. आकारानं एवढेसे, कायम सगळ्यांच्या डोक्यावर, आणि आवाज नाकातून. सरांचा एक नियम होता. सभ्य शब्द निवेदककाकांनी वाचायचे. पण गल्लीतला, कट्ट्यावरचा शब्द असेल तर तो वापरणाऱ्याच्याच तोंडून, खऱ्या प्रसंगात बोललेला हवा. याला सर 'जिवंत नमुना' म्हणत. नमुना मिळाला की त्या माणसाला सांगायचं, परवानगी घ्यायची, त्यानं नाही म्हटलं तर पुसून टाकायचं. आणि जिवंत नमुना नाही, तर शब्दही नाही.

पण आधी अर्थ ठरवायचा होता. त्यासाठी बैठक झाली. कोरडी.

"एकटा माणूस बसू शकतो का?" सरांनी विचारलं.

"नाही, सर. एकटा असला की तो घेतो. बसायला निदान दोघं लागतात."

"उभ्यानं पीत असतील तर?"

"तरी बसलेलेच. मी स्वतः पाहिलंय. खुर्ची नव्हती म्हणून चौघं भिंतीला पाठ लावून उभे होते. एकाला घरून फोन आला, तर म्हणाला, 'अगं, जरा बसलोय.'"

सरांनी मान डोलावली. "आणि न पिणारा? नुसतं सरबत घेणारा?"

"तोही बसलेलाच. शेंगदाणे सगळ्यात जास्त तोच खातो."

ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाई कोपऱ्यात वायर गुंडाळत होत्या. दिवसभर "शांतता!" म्हणून ओरडायचं हे त्यांचं काम, म्हणून त्यांना शांतताबाई म्हणत. त्या म्हणाल्या, "बायका बसतात का, तेही लिहा."

"बसतात का?" सरांनी प्रामाणिकपणे विचारलं.

"बसतो की. फक्त आधी एवढी चर्चा करत नाही."

शेवटी व्याख्या ठरली: 'दोन किंवा अधिक माणसांनी पिण्याच्या निमित्ताने एकत्र येणे, पिणे दुय्यम.' शेवटचे दोन शब्द सरांनी घातले. त्यावर कोणी हरकत घेतली नाही, कारण ते धड खरंही वाटेना आणि धड खोटंही.

"अर्थ झाला," सर म्हणाले. "आता उच्चार. काका, तुम्ही एकदा वाचून बघा. निदान अंदाज येईल."

निवेदककाकांनी आयुष्यभर मोठमोठ्या बातम्या वाचल्या होत्या. त्यांचा आवाज असा, की जेवताना त्यांनी "मीठ द्या" म्हटलं तरी घरचे उभे राहत. काका काचेपलीकडे गेले, घोटभर कोमट पाणी प्यायले आणि म्हणाले, "आज. बसायचं. का."

काचेच्या अलीकडे मुद्रितशोधकदादांनी नकळत मान खाली घातली.

"काका," शांतताबाई म्हणाल्या, "मैताला बोलावत नाही आहोत आपण."

"हलकं करतो." काकांनी खांदे सैल सोडले. "आज सायंकाळी सर्वत्र बसण्याची शक्यता असून, काही ठिकाणी तुरळक..."

"तुरळक काय?" सर म्हणाले.

"माफ करा. तोंडाला सवय आहे."

"हे नको. असं कोणी मला बोलावलं तर मी हार घेऊन जाईन." सर माझ्याकडे वळले. "जिवंत नमुना आणा. तो शब्द कसा म्हणतात, ते मला ऐकायचंय."

मी निश्चिंत होतो. कारण आमच्याच घरात या शब्दाची खाण होती. ती म्हणजे ताईचा नवरा, आमचे भावोजी. दर शनिवारी ते गॅलरीत जातात, आमच्याकडे पाठ करतात आणि फोनमध्ये काहीतरी पुटपुटतात. दहा मिनिटांनी त्यांना एक अत्यंत जरुरीचं काम निघतं.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, फोन समोर धरला आणि म्हटलं, "भावोजी, मित्रांना म्हणता ना, ते एकदा म्हणा."

भावोजींनी केसांवरून हात फिरवला. शर्टाचं वरचं बटण लावलं. "मित्रहो, आज संध्याकाळी आपण सर्वांनी मद्यपानासाठी एकत्र यावं, अशी माझी नम्र विनंती आहे."

"असं म्हणता तुम्ही?"

"अरे, कोशात जाणार ना? चार लोक ऐकणार. आपली काही इज्जत आहे की नाही?"

आतून ताईचा आवाज आला, "लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी नम्र विनंती केलेली आठवत नाही!"

पुढचे दोन दिवस मी फोन खिशात चालू ठेवून हिंडलो. पण मी जवळ गेलो की लोक बोलायचे थांबायचे. माझा चेहरा असा आहे, की लोकांना वाटतं हा काहीतरी विचारणार. मामाच्या दुकानातही गेलो. तिथली माणसं संध्याकाळी बसतात, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. मामा म्हणाला, "आमच्यात विचारायची पद्धत नाही. सहा वाजले की सगळे आपोआप एकाच दिशेला चालायला लागतात. तू सोमवारी ये, तुलाही दिशा समजेल."

मग मला कल्पना सुचली. माझ्या कल्पना ऐकायला फार बऱ्या वाटतात, हाच त्यांचा दोष आहे.

"सर, आपणच बसू या," मी म्हटलं. "कार्यालयात. माइक कुंडीत लपवू. सगळ्यांना आधी कल्पना देऊ, म्हणजे परवानगीचा प्रश्न मिटला. दुसऱ्या ग्लासनंतर माइक कोणाच्या लक्षात राहतोय? शब्द आपोआप येईल."

सरांना पटलं. कोशाच्या माणसाला काहीही पटू शकतं. दुपारी परिपत्रक निघालं: 'शुक्रवारी कामकाज संपल्यावर संदर्भकक्षात, भाषिक क्षेत्रकार्याचा भाग म्हणून, बसण्याचे योजिले आहे. उपस्थिती ऐच्छिक. ग्लास आपापले आणावेत. कृपया स्वाभाविक राहावे.'

"मी येणार नाही," सर म्हणाले. "मी असलो तर स्वाभाविकपणा बिघडेल."

इथं कोणीतरी "छे, छे, असं कसं सर" म्हणायला हवं होतं. सगळे खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हा असं ठरलं की सर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून कानाला हेडफोन लावून सगळं ऐकतील, आणि शब्द आला की लगेच शांतताबाईंना खूण करतील.

शुक्रवारी आम्ही बसलो. पहिला ग्लास सगळ्यांनी स्वाभाविक राहण्याचा प्रयत्न करत संपवला. मंडळी एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी करत होती. हिशेबनिसांनी तर कुंडीकडे तोंड करून "एकंदरीत आनंद वाटतो" असं निवेदन दिलं. पण दुसऱ्या ग्लासनंतर माझं म्हणणं खरं ठरलं. कुंडी कुंडी झाली.

"बायकोनं काल निरोप पाठवला," मुद्रितशोधकदादा सांगत होते, "'येताना दुध आणा.' मी 'दू' दीर्घ करून परत पाठवला. आज डब्यात काय होतं सांगा."

"काय?"

"झाकण."

हिशेबनीस हसता हसता टेबलाखाली गेले. निवेदककाकांनी नाक चिमटीत धरलं आणि त्या दणदणीत आवाजात, पण नाकातून, सुरू केलं, "जिवंत नमुना आणा! मला तो ऐकायचाय!" लोक टेबल बडवायला लागले. मला चेव आला. मी म्हटलं, "अनुस्वार इथं आपल्या डोक्यावर असतो. पण घरी त्याला कोणी डोक्यावर घेतं का?"

"घरी आहे कोण घ्यायला?" मुद्रितशोधकदादा म्हणाले. "भिंती. त्यांनाही तो उच्चार शिकवत असेल."

मोठा हशा झाला आणि मग तो वरून पाणी बंद केल्यासारखा कमी कमी होत थांबला. कारण एकेक जण कुंडीकडे बघायला लागला होता.

मी उठून मुद्रणाच्या खोलीपाशी गेलो. काचेतून सर दिसले. हेडफोन कानावर, चहावर साय धरलेली. मला वाटलं होतं ते रागानं लाल झाले असतील. ते किंचित पुढं झुकून ऐकत होते, शेजारच्या घरात मुलांचा खेळ चालू असावा आणि आपण कठड्याशी उभं असावं, तसे. शांतताबाईंनी मला हातानंच जा म्हणून सांगितलं.

त्या सबंध बसण्यात तो शब्द कोणी एकदाही म्हटला नाही.

शनिवारी सकाळपासून मी सरांच्या समोर जाण्याचं टाळलं. संध्याकाळी त्यांनी मुद्रणाच्या खोलीत बोलावून घेतलं. खोलीत ते, शांतताबाई आणि मी.

"बसलेली माणसं 'बसायचं का' म्हणत नाहीत," सर म्हणाले. "पाण्यात पोहणारा माणूस 'उतरू का' म्हणून विचारत नाही. हा शब्द बसण्याच्या आधीचा आहे. एवढे कोशकार आपण, परिपत्रक काढलं, ग्लास मागवले, आणि हे कोणाला सुचलं नाही."

"नाही सुचलं, सर." मग मी डोळे मिटून उडी मारली. "सर, ते काल जे अनुस्वार वगैरे..."

"चुकीचं आहे ते."

मी दाराकडे सरकलो.

"अनुस्वाराला स्वतःचा आवाज नसतो," सर म्हणाले. "पुढं जे अक्षर येईल त्याचा आवाज तो घेतो. पुढं कोणी नसलंच, तर..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. सरांनी वाक्य अर्धं सोडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते क्रियापदाशिवाय शिंकतसुद्धा नाहीत. "ते असो. नमुना नाही म्हणजे 'ब' अपुरा. आणि 'ब' अपुरा म्हणजे..."

"गाद्या, सर."

"नियम मीच केलाय," ते म्हणाले, जणू दुसऱ्या कोणी केला असता तर बरं झालं असतं. मग ते उठले आणि कपाटाला कुलूप लावायला गेले.

"थांबा, हलू नका कोणी!" शांतताबाई म्हणाल्या. "खोली घ्यायची राहिलीय."

हे त्यांचं रोजचं काम. दिवसाचं मुद्रण संपलं की त्या रिकाम्या खोलीची शांतता मिनिटभर मुद्रित करतात. दोन शब्दांच्या मधल्या फटी बुजवायला ती शांतता वापरतात. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी खोलीत जो असेल त्यानं आहे तिथं पुतळा व्हायचं. त्यांनी बोट वर केलं. सर कपाटाच्या दारावर हात ठेवून थांबले. मी दाराशी.

त्या मिनिटात मला करायला काहीच नव्हतं. नोकरी गेलेली होती, तेव्हा तिची काळजी करण्याचं कामही संपलं होतं. मी सरांकडे बघत राहिलो. काल सगळे गेल्यावर हेडफोन त्यांनी स्वतः पुसून खुंटीला लावले होते. आता त्यांचा एक हात कपाटावर होता आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी ते त्या हेडफोनची गुंतलेली वायर, अजिबात आवाज न करता, सोडवत होते.

मी एक पाऊल पुढं झालो आणि ओठ जेमतेम हलवून म्हटलं, "सर, बसायचं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "बसू," म्हणाले.

"कोण बोललं?" शांतताबाईंनी टेबलावर हात आपटला. "अख्ख्या आठवड्यात एवढी सुंदर शांतता मिळाली नव्हती! घाण केलीत. ऐका, ऐका काय केलंत ते!" आणि आमची लाज काढायला म्हणून त्यांनी ते मुद्रण मोठ्यानं लावलं.

आधी खोलीची शांतता आली. मग मी. आणि मग तो शब्द. 'ब' ओठांच्या आतच फुटलेला, 'सू' बाहेर आला न आला. शेजारी कोणीतरी आहे आणि त्याला कळता कामा नये, अशा बेतानं, श्वासावर सोडून दिलेला. नाकाचा तर मागमूसही नाही. भावोजी गॅलरीत पाठ फिरवून जे पुटपुटतात ते हेच. मोठ्यानं म्हटला की हा शब्द मरतो. आम्ही आठवडाभर त्याला आवाज चढवून शोधत होतो.

शांतताबाईंनी एकदाच मागं नेऊन पुन्हा लावलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या.

"सर, हा जिवंत नमुना आहे," मी म्हणालो.

"तुमचा प्रश्न बाद," सर ताडकन म्हणाले. "तुम्ही गरजू आहात."

"बाद. मान्य. पण उत्तर जिवंत आहे."

"माझा आवाज? कोशात? ते योग्य नाही. शिवाय मी हा शब्द वापरणारा माणूस नाही. मी तो स्वतःसाठी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला."

"सर, परवानगी द्यायची की नाही, तो तुमचा हक्क. पण नमुना खरा की खोटा, हे मी ठरवणार. 'ब' माझ्याकडे आहे."

"तुम्ही माझ्याशी कोणत्या सुरात बोलताय?"

"संपादकाच्या, सर. आजचा दिवस आहे मी. आता एकच विचारतो. मी विचारलं तेव्हा तुम्ही खरोखर येणार होतात, की तोंडदेखलं म्हणालात?"

सर गप्प. शांतताबाईंनी सवयीनं मुद्रण चालू केलं आणि माझ्या डोळ्यांत बघून बंद केलं.

"तोंडदेखलं म्हणालो असं धरून चाला," सर म्हणाले.

"मग कपाट उघडून छत्री का काढलीत?"

छत्री त्यांच्या हातात होती. मुद्रण ऐकता ऐकता त्यांनी ती कधी काढली होती, त्यांनाही कळलं नसावं. बाहेर ऊन होतं. सरांनी छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठं जायचं ते मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "लांब असेल तर असावी म्हणून."

"म्हणजे येणार होतात."

"येणार होतो."

"प्रसंग खरा, माणूस खरा, बोलायच्या वेळी मुद्रणाचं भान नाही. नमुना ग्राह्य. परवानगी?"

सरांनी बराच वेळ काचेपलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "नाव घालायचं नाही," ते म्हणाले. मग छत्री बगलेत मारून, नेहमीच्या आवाजात, नाकातून, "'ब' पूर्ण. सोमवारपासून 'भ' घ्या."

"'भ' ची बाराखडी!" शांतताबाई म्हणाल्या. "तुम्हाला नमुन्यांची ददात नाही. भर रस्त्यात गाडी आडवी घाला, एका सिग्नलला अख्खं अक्षर पूर्ण होईल. चला, मीपण येते. कोणी विचारलं नाहीये, पण मी वाट बघत नसते."

आम्ही कोपऱ्यावरच्या एका जागेत जाऊन बसलो. छत्रीला वेगळी खुर्ची मिळाली. निवेदककाका आणि मुद्रितशोधकदादा तिथं आधीच होते. सरांना आत येताना पाहून काका इतक्या झटकन उभे राहिले की त्यांचा ग्लास दादांच्या मांडीत गेला. पण सरांनी "बसा, बसा" म्हटलं आणि सगळे बसले. मग पंचाईत झाली. सर काही बोलेनात. ग्लास दोन्ही हातांत धरून ते बोलणाऱ्याकडे बघत, दुसरा बोलायला लागला की त्याच्याकडे बघत.

"सर, तुम्हीपण बोला ना काहीतरी," मी म्हटलं.

"माझी पाळी कधी येते?"

"पाळी?"

"काल सगळे एकदम बोलत होतात. क्रम काय होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून थांबलोय."

दादा, काका, शांतताबाई, सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मी म्हणालो, "पाळी नसते, सर. मध्येच घुसायचं."

"दुसऱ्याचं वाक्य चालू असताना?"

"हो."

"क्रियापद यायच्या आधी?"

"तेव्हाच."

ते विचारात पडले. मी त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मामाची गोष्ट काढली. एकदा एका गिऱ्हाइकानं लग्नाची गादी परत आणली आणि मामाला म्हणालं की या गादीत काहीतरी...

"ते सोडा," सर म्हणाले, आणि त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मी सांगतो. आमच्या वेळेला 'ण' करताना काय झालं..."

त्यानंतर मला काही बोलायला मिळालं नाही.